धोटा, गिरणी आणि भोंगा

औरंगाबादेतील बिबीच्या मकबऱ्याच्या मुख्य दरवाजावर, पितळी पत्र्याच्या वेलबुट्टीने मढवलेल्या कवाडावर, दोन माणसांची नावे कोरलेली आहेत: वास्तुरचनाकार अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय. गुलाम मुस्तफाच्या ‘तारीखनामा’ या ग्रंथात या वास्तूचा खर्च 6,68,203 रुपये 7 आणे असा नमूद आहे. ज्या राजवटीला आपल्या एका इमारतीचा हिशेब सात आण्यांपर्यंत राखता आला, तिच्या कागदपत्रांतून संगमरवराच्या जाळ्या कोरणाऱ्या, चुना मळणाऱ्या, पखाली वाहणाऱ्या शेकडो माणसांपैकी एकाचेही नाव आपल्यापर्यंत पोचू नये, ही गोष्ट या शहराचा इतिहास वाचताना मला दर वेळी बोचत आली आहे. राजांच्या मुक्कामांवरून आणि तहांवरून शहराची हकीकत सांगण्याची आपल्याकडे जुनी वहिवाट आहे. या प्रकरणात ती बाजूला ठेवून मागावर, हौदावर, गिरणीत आणि कंपनीत राबलेल्या हातांवरून ती सांगण्याचा यत्न आहे. येथे उद्योग प्रायः कोणा सत्ताधीशाच्या हुकुमाने आला आणि हुकूम फिरला की ओसरला. परंतु हुकूम फिरल्यावरही जे कसब मागे राहिले ते माणसांच्या बोटांत राहिले, असे मला दिसते.

मलिक अंबराने 1610 मध्ये खडकी या गावी आपली राजधानी वसवली, त्याचा पुत्र फत्तेखान याने तिला फत्तेनगर म्हटले, 1653 मध्ये शाहजादा औरंगजेबाने तिचे औरंगाबाद केले आणि 2023 मध्ये ती छत्रपती संभाजीनगर झाली. पुढे त्या त्या काळी रूढ असलेलेच नाव योजले आहे. या स्थळाचा एक मूळचा उणेपणा मात्र कोणत्याही नावाने झाकला गेला नाही. गोदावरी येथून दूर, आणि जवळ वाहणारी खाम ही उन्हाळ्यात आटणारी लहानशी नदी. खडकाळ पठारावर लाखभर माणसे, घोडे, हत्ती आणि छावण्या पोसायच्या तर पाणी दुरून आणणे भाग होते, आणि ते मलिक अंबराने आणले. उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याशी भूगर्भात झिरपणारे पाणी गोळा करून जमिनीखालच्या कालव्याने शहरात खेळवण्याची त्याची योजना ‘नहर-ए-अंबरी’ या नावाने प्रसिद्ध आहे. आत कोंडलेली हवा बाहेर पडावी म्हणून या नहरीवर जागोजाग विटांचे उंच स्तंभ उभारले होते. भूमीचा उतार वीत-वीत मोजून, अंधारात, गुडघाभर चिखलात ही वाट खोदणारे बेलदार आणि वडारी हे या शहराचे पहिले कामकरी होत.

त्याच परंपरेतील पुढचे काम म्हणजे बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातील पाणचक्की. काही मैलांवरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून एका भिंतीच्या माथ्यावर चढवावे, तेथून ते खालच्या चाकाच्या पात्यांवर सोडावे आणि त्या चाकाच्या आसाबरोबर वरचे जाते गरगरा फिरावे, अशी ही साधी आणि अचूक रचना आहे. दर्ग्यात उतरणाऱ्या यात्रेकरूंचे आणि विद्यार्थ्यांचे पीठ येथे दळले जाई. प्रवासी हौदापाशी उभे राहून पडत्या पाण्याचे चित्र घेतात आणि पुढे जातात; त्यांनी दळणाच्या खोलीत थोडा वेळ थांबावे, असे मला वाटते. पहाटे उठून जाते ओढण्याचे काम या देशात शतकानुशतके स्त्रियांच्या दंडांवर सोपवलेले होते. ते दंडांवरून उतरवून पाण्यावर टाकणारे यंत्र या शहरात तीनशे वर्षांपूर्वी प्रत्यक्ष चालत होते, आणि तरीही त्याच्या आवाराबाहेरच्या घराघरांतून जात्याची घरघर पुढे दोनशे वर्षे तशीच चालू राहिली. यंत्र निघाले म्हणजे कष्ट हलके होतातच असे नाही, हे ध्यानात यायला या खोलीइतकी दुसरी जागा नाही.

परंतु ज्या उद्योगाने या शहराचे नाव दूरदेशी नेले तो वस्त्राचा. मुहम्मद तुघलकाने 1327 च्या सुमारास आपली राजधानी दिल्लीहून येथून जवळच्या दौलताबादेस हलवली तेव्हा त्या सक्तीच्या प्रवासात विणकरही आले, आणि राजधानी परत गेली तेव्हा त्यांतले काही येथेच राहिले, असे परंपरा सांगते. पुढे मोगली सुभ्याच्या काळात दरबारी किनखाबाला येथे मोठी मागणी आली. किनखाब म्हणजे रेशमात सोन्यारुप्याच्या तारांनी विणलेले भरजरी वस्त्र. ते सर्वांना परवडणारे नव्हे. म्हणून सुती ताण्यावर रेशमाच्या जादा बाण्याने तशीच नक्षी उठवणारे जे कापड निघाले त्याला ‘हिमरू’ म्हणू लागले. फारसीतील ‘सारखा’ या अर्थाच्या शब्दावरून हे नाव पडले, असे मानतात. नक्षीचे धागे कापडाच्या मागल्या अंगाला मोकळे लोंबत राहतात, त्यामुळे आतून एक मऊ, उबदार अस्तर आपोआप तयार होते, आणि म्हणूनच शेरवानी आणि शाल यांसाठी हिमरूची निवड होई. याचेच भावंड मशरू. त्याची दर्शनी बाजू रेशमी आणि अंगाला लागणारी बाजू सुती असते, पुरुषाने निखळ रेशीम अंगाला लावू नये असा इस्लामी धर्मशास्त्राचा दंडक मानणाऱ्यांना ते वापरता यावे म्हणून. ‘मशरू’ या शब्दाचा अर्थच ‘विहित’ असा आहे. एका धर्माज्ञेचा मान राखण्याची तजवीज विणकराने ताण्याबाण्याच्या गणितात केली, याचे मला फार कौतुक वाटते.

हे गणित कसे चाले ते सविस्तर सांगण्याजोगे आहे. विणकर खड्डामागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसे. त्याच्या डोक्यावर, मागाच्या माथ्यावर, दोऱ्यांचा एक गुंतागुंतीचा जुडगा टांगलेला असे. त्याला ‘जाला’ म्हणत. कागदावर रेखलेल्या नक्षीतील प्रत्येक ठिपक्यासाठी ताण्याचे कोणते धागे उचलावयाचे हे मोजून नक्शबंद नावाचा कारागीर त्या दोऱ्यांना गाठी मारून ठेवी. मग वर बसलेला पोरगा क्रमाने एकेक दोरीचा जुडगा ओढी, नेमके तेवढेच धागे वर उठत, आणि खालचा विणकर त्या फटीतून धोटा फेकी. म्हणजे वेल, पान, बदाम आणि मोर हे कापडावर उतरण्याआधी गाठींच्या भाषेत लिहून ठेवलेले असत. फ्रान्समधील ल्यों शहरी जाकाराने 1804 च्या सुमारास भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर नक्षी नोंदवून वरच्या पोराचे काम यंत्राकडे दिले, आणि त्या भोकांच्या युक्तीतून पुढे गणकयंत्रांची कल्पना वाढली, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. त्याच तत्त्वाचा हस्तलिखित अवतार आपल्या नवाबपुऱ्यात दोऱ्यांच्या रूपाने टांगलेला होता, हे मात्र आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. मागाच्या माथ्यावर दिवसदिवस ओणवे बसणाऱ्या त्या पोराचे बालपण त्या दोऱ्यांत खर्ची पडले, हेही त्यांना त्याच श्वासात सांगावयास हवे.

निजामाच्या राज्याची राजधानी आरंभी औरंगाबादेस होती. 1763 मध्ये ती हैदराबादेस गेली आणि दरबाराबरोबर गिऱ्हाईकही गेले. हैदराबादी उमरावांच्या शेरवान्यांवर हिमरू आणखी पावणेदोनशे वर्षे तगून राहिला. मग 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामी राजवट संपली, पुढच्या वर्षी जहागिरी नाहीशा झाल्या, आणि प्रजेच्या दृष्टीने सर्वथा इष्ट असलेल्या या घटनांत विणकराचा शेवटचा आश्रयदाता अस्तंगत झाला. आज हिमरू विणणारे हातमाग थोडेच उरले आहेत. या पडझडीचे एकट्या यंत्रमागावर खापर फोडणे मला न्याय्य वाटत नाही, कारण ज्या कलेचे गिऱ्हाईक दरबारापलीकडे कधी वाढू दिले गेले नाही तिचा शेवट दरबाराच्या शेवटाशी बांधलेलाच होता. शेजारच्या पैठणीचे भाग्य निराळे ठरले. मराठी घरातील लग्नाने तिला आपले म्हटले, म्हणून ती जगली.

दौलताबादहून खुलदाबादेकडे जाताना कागजीपुरा लागतो. नावाप्रमाणे हे हातकागद करणाऱ्यांचे गाव. जुन्या चिंध्या तोडून, चुन्याच्या पाण्यात कुजवून, कुटून त्यांचा लगदा करावा. तो हौदातल्या पाण्यात कालवून गवताच्या काड्यांच्या साच्यावर पातळ थर उचलावा. थर भिंतीवर चिकटवून वाळवावा. मग त्याला खळ देऊन गुळगुळीत दगडाने घोटावे, म्हणजे बोरूची शाई फुटत नाही. दख्खनच्या दफ्तरांना अशाच घोटीव कागदाची गरज होती. फर्माने, सनदा, महसुलाचे ताळेबंद आणि कुराणाच्या प्रती ज्याच्यावर उतरल्या तो कागद करताना कागज्याचे हात कोपरापर्यंत चुन्याने सोलत. त्या कागदावर सर्वांची नावे आली. त्याचे स्वतःचे आले नाही.

यानंतरचे युग वाफेचे. 1889 मध्ये औरंगाबादेत कापसाचे सूत काढणारी आणि कापड विणणारी गिरणी उभी राहिली आणि तिच्यात 700 माणसे कामाला लागली. विणकर आपल्या घरी, आपल्या मागावर, आपल्या सवडीने बसत असे. आता सातशे माणसे एका छपराखाली एकाच क्षणी कामाला जुंपली गेली. या शहरात घड्याळाची सत्ता खऱ्या अर्थाने येथून सुरू झाली, असे म्हणावयास हरकत नाही. 1900 मध्ये हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे मनमाडहून येथवर आली. ती आली तीही छपन्नाच्या भयंकर दुष्काळाच्या वर्षात. रेल्वेमागोमाग सरकी काढण्याचे आणि गासड्या दाबण्याचे कारखाने निघाले. तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच असलेल्या जालन्यात 9 जिनिंग आणि 5 प्रेस, औरंगाबाद आणि कन्नड येथे मिळून 2 जिनिंग, औरंगाबादेत एक तेलघाणा असा तो पसारा होता, आणि 1901 मध्ये जिनिंग-प्रेसमध्ये मिळून 1,016 माणसे राबत होती.

मात्र या रेल्वेत एक वैगुण्य होते. तिचा मार्ग मीटर मापाचा आणि मनमाडला मिळणारा मुंबईचा मार्ग रुंद मापाचा, त्यामुळे येथून निघालेली कापसाची प्रत्येक गासडी मनमाडच्या फलाटावर हमालांच्या पाठीवरून एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जात असे. एवढ्या एका कारणाने माल महाग पडे, उशिरा पोचे आणि नवा कारखानदार दुसरीकडे वळे. मराठवाड्याने रुंद मार्गाची मागणी पुढे कितीतरी दशके लावून धरली आणि ती 1990 नंतरच्या दशकात पुरी झाली. एका प्रदेशाचे मागासलेपण दोन रुळांमधल्या अंतरात मोजता येते, याचे याहून बोलके उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. 1 ऑगस्ट 1962 रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि 1964 पासून मागास भागात कारखाना काढणाऱ्यास सवलती देण्याची योजना लागू झाली. औरंगाबादेत रेल्वे स्थानकाजवळ पहिली औद्योगिक वसाहत झाली, मग चिकलठाणा. त्याआधीच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 मध्ये येथे महाविद्यालय काढून गावकुसाबाहेरच्या मुलांना पदवीचा दरवाजा उघडून दिला होता. 1958 मध्ये विद्यापीठ आणि 1960 मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. शिकलेले तरुण निर्माण झाले, पण काम कोठे होते? 1974 चे मराठवाडा विकास आंदोलन या प्रश्नातूनच पेटले. जिला आज आपण सहज ‘एमआयडीसी’ म्हणतो तिच्या पायात या आंदोलनातील तरुणांचे रक्त आणि तुरुंगवास आहेत, हे कारखान्यांच्या उद्घाटनप्रसंगी आठवले जात नाही.

आणि पुन्हा पाणी. पैठणजवळच्या जायकवाडी धरणाची कोनशिला 18 ऑक्टोबर 1965 रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसली आणि 24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. धरणाच्या नाथसागर जलाशयाच्या पोटात पैठण, गंगापूर, शेवगाव आणि नेवासे या तालुक्यांतील काळ्या कसदार जमिनी आणि नांदती गावे गेली. पुढे वाळूज आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहतींत जे यंत्र फिरले त्याच्या नळाला याच धरणाचे पाणी होते.

वाळूजची गोष्ट सुरू होते 1985 मध्ये. पुण्याजवळच्या आकुर्डीला स्कूटर करणाऱ्या बजाज ऑटोने आपला दुसरा मोठा कारखाना येथे अवघ्या 16 महिन्यांत उभा केला आणि राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी त्याचे उद्घाटन केले. स्कूटरसाठी गिऱ्हाइकाने वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे असा तो काळ. कारखान्याभोवती सुटे भाग पुरवणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांचे मोहोळ जमले. एन्ड्युरन्स आणि व्हेरॉक या उद्योगांची वाढ याच परिसरातली. मला त्यांच्याहून अधिक मोलाचे वाटतात ते एका लेथवर, भाड्याच्या शेडमध्ये, कर्ज काढून काम सुरू करणारे तरुण अभियंते आणि नोकरी सोडून स्वतःचे वर्कशॉप टाकणारे फिटर-टर्नर. जाल्याच्या गाठी मोजणाऱ्या नक्शबंदाची सूक्ष्मता आणि केसाच्या अंशापर्यंत माप धरणाऱ्या टर्नरची सूक्ष्मता एकाच जातीची आहे. या मातीतून उभ्या राहिलेल्या उद्योगांत भोगले कुटुंबाच्या ‘निर्लेप’चा उल्लेख अवश्य केला पाहिजे. 1968 मध्ये सुरू झालेल्या या कारखान्याने न चिकटणारा तवा मराठी स्वयंपाकघरात नेला आणि एका तत्सम शब्दाला घरोघरच्या बायकांच्या तोंडी रुळवले.

वाळूजने मराठवाड्यातील घराचे रूप बदलले. लग्नाच्या बोलणीत ‘मुलगा कंपनीत आहे’ या तीन शब्दांना पाच एकर कोरडवाहूपेक्षा अधिक वजन आले. बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी येथे दहा बाय दहाच्या खोल्यांत तिघेतिघे चौघेचौघे राहू लागले. एकाची फर्स्ट शिफ्ट सुटली की तो येऊन त्याच वाकळेवर पडे जिच्यावरून रात्रपाळीवाला नुकताच उठलेला असे. पेरणीच्या आठवड्यात हजेरी घटे, कारण हातात पाना आला तरी मन तिफणीवरच होते. वाळूजच्या वेशीवरच्या पंढरपुरात आषाढी एकादशीला कामगारांची रीघ लागते. ज्यांना रजा मिळत नाही त्यांचा विठोबा कारखान्याच्या वाटेवर उभा आहे.

या कथेत ‘पर्मनंट’ हा शब्द कसा दुर्मीळ होत गेला तेही सांगितले पाहिजे. कंत्राटी कामगारांविषयीच्या 1970 च्या कायद्याच्या नावातच ‘नियमन आणि निर्मूलन’ असे दोन शब्द होते. त्यांतले निर्मूलन काही झाले नाही. एकाच यंत्रावर, एकाच गणवेशात, शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाला बोनस, सुटी आणि दवाखाना, आणि दुसऱ्याला केवळ ठेकेदाराच्या वहीतील खूण, ही व्यवस्था मला अन्यायाची वाटते. 2010 मध्ये या शहरातील धनिकांनी एकदम दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या, त्याचे वृत्त देशभर छापले गेले. चितेगावी दूरदर्शन संच करणारा व्हिडिओकॉन उद्योग 2018 मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेला तेव्हा त्यात उमेदीची वर्षे घातलेल्या कामगारांच्या घरी काय शिजले, याचे वृत्त तसे छापले गेले नाही. 2016 च्या उन्हाळ्यात दुष्काळ इतका पडला की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यकारखान्यांचे पाणी निम्म्याहून अधिक तोडले. खडकीचा जुना प्रश्न चारशे वर्षांनी न्यायासनापुढे आला होता. 31 डिसेंबर 2023 च्या पहाटे वाळूजमधील हातमोज्यांच्या एका कारखान्याला आग लागून तेथेच झोपलेले 6 कामगार मरण पावले.

आणि 8 मे 2020. टाळेबंदीत काम गेलेले, जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबणारे मध्य प्रदेशातील मजूर घरी जाण्यासाठी रुळांवरून चालत निघाले, करमाडजवळ थकून रुळांवरच झोपले आणि पहाटेच्या मालगाडीखाली त्यांतले 16 जण ठार झाले. 1900 मध्ये येथे कापसासाठी जो लोहमार्ग आला तोच हा मार्ग. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या पोळ्या सबंध देशाने पाहिल्या.

2001 मध्ये शेंद्र्याला स्कोडाचा मोटारकारखाना सुरू झाला. 7 सप्टेंबर 2019 रोजी शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे 10,000 एकरांवरची ‘ऑरिक’ ही नवी औद्योगिक नगरी राष्ट्राला अर्पण झाली, आणि तेथे विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या कारखान्यांचे करार झाले आहेत. हाही हुकूमच आहे, आणि तो शुभ ठरो. परंतु सात आण्यांचा हिशेब लिहिणारी आणि माणसांची नावे न लिहिणारी जुनी वहिवाट आपण बदलू शकतो, आणि ती बदलणे राजाच्या हाती नाही, वाचकांच्या हाती आहे. तुमच्या घरी आजोबांचे गिरणीतले हजेरीकार्ड असेल, वडिलांचा कंपनीचा बिल्ला, पहिल्या पगाराची पावती, संपाच्या दिवसांतले हस्तपत्रक, आजीच्या पेटीतला हिमरूचा तुकडा किंवा नक्षीचा जुना कागद असेल, तर ते रद्दीत घालू नका. त्याच्यामागे नाव, गाव आणि साल लिहा, आणि विद्यापीठाच्या इतिहास विभागाकडे किंवा जवळच्या ग्रंथालयाकडे नेऊन द्या.